सल्ला जनतेचा, सही सरकारची

जुलै २०१८ मध्ये ब्रिटिश सरकारने आपल्या जनतेला विचारले : प्रशांत महासागराकाठच्या अकरा देशांच्या व्यापार करारात ब्रिटनने सामील व्हावे काय? अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांच्याशी करावयाच्या करारांविषयीही त्याच वेळी मते मागविण्यात आली. चौदा आठवड्यांत सर्व मिळून सुमारे सहा लाख उत्तरे आली. लोकशाहीचा केवढा हा सोहळा!

परंतु प्रशांत करारावर मार्च २०१८ मध्येच सांतियागो येथे सह्या झाल्या होत्या, आणि नव्या सभासदाने त्यातील सर्व नियम जसेच्या तसे स्वीकारावेत, अशी त्याची अट आहे. अंगरखा शिवून झाल्यावर मापाविषयी मत विचारण्याचाच हा प्रकार!

हे नियम काही निसर्गनियम नव्हेत. जानेवारी २०१७ मध्ये अमेरिका बाहेर पडताच उरलेल्या अकरा देशांनी मूळ करारातील २२ तरतुदी स्थगित केल्या. त्यांत औषधांच्या पेटंटांसंबंधीच्या तरतुदीही होत्या. म्हणजे बलवानाचा दाब उठताच ‘अपरिहार्य’ कलमे गळून पडली! उरलेल्या नियमांनुसार परकी गुंतवणूकदार सरकारला लवादापुढे खेचू शकतो. कामगाराला असा अधिकार नाही. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड यांच्यापुरते ब्रिटनने हे कलम स्वतंत्र पत्रांद्वारे दूर ठेवले. सरकारची इच्छा असली की वाट निघते, हे यावरून उघड होते.

१६ जुलै २०२३ रोजी ऑकलंडला ब्रिटनची सही झाली व १५ डिसेंबर २०२४ पासून त्याचे सभासदत्व अमलात आले. दीर्घकालीन लाभ, सरकारच्याच अंदाजानुसार, राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.१ टक्क्याहूनही कमी! २०१० च्या कायद्याप्रमाणे करार संसदेपुढे कामकाजाचे २१ दिवस ठेवावा लागतो. मतदान घेण्याचे बंधन नाही. विधेयक आले, तेही देशी कायद्यांतील आवश्यक बदलांपुरतेच.

वाटाघाटी गुप्त ठेवाव्याच लागतात, असा युक्तिवाद केला जातो. पण समोरच्या पक्षाला आपले प्रस्ताव ठाऊकच असतात. मग गुप्तता कोणापासून? केवळ स्वतःच्या जनतेपासून!

भारतातील स्थिती तर याहून शोचनीय आहे. येथे करार करणे हा कार्यकारी सत्तेचा अधिकार मानला जातो. संसदेची पूर्वसंमती बंधनकारक नाही. १९९४ चा जागतिक व्यापार संघटनेचा करार असाच झाला. ४ नोव्हेंबर २०१९ रोजी बँकॉक येथे भारताने पूर्व आशियाई व्यापार करारातून माघार घेतली, त्यामागे दूध उत्पादकांचा आणि शेतकरी संघटनांचा प्रखर विरोध होता. कोणत्याही सरकारी सल्लामसलतीचे ते फळ नव्हे. पुढे २४ जुलै २०२५ रोजी भारत-ब्रिटन करारावर सही झाली. त्याचा मसुदा सहीपूर्वी जनतेसमोर आलाच नाही.

म्हणून नुसत्या ‘जनमत मागविण्या’वर समाधान मानणे हा भाबडेपणा ठरेल. सहीपूर्वी मसुदा व परिणामांचा अभ्यास प्रसिद्ध झाला पाहिजे. शेती हा राज्यांचा विषय असल्याने राज्य सरकारांचे मत घेतले पाहिजे. आणि संसदेत मतदान झाल्याखेरीज कोणताही करार देशावर बंधनकारक होता कामा नये. कार्यकर्त्यांनी या तीन मागण्या ग्रामसभेपासून कामगार संघटनेपर्यंत नेल्या पाहिजेत. नकार देण्याचा अधिकार ज्याला नाही, त्याचा सल्ला विचारणे ही निव्वळ औपचारिकता होय.