रात्री अडीच वाजता डॉक्टरांना उठवायचं का?

रात्रीचे अडीच वाजलेत. सर्जरीचा वॉर्ड. काल पोटाचं ऑपरेशन झालेले एक काका बेडवर चुळबुळ करताहेत. संध्याकाळी मस्त गप्पा मारत होते. आता पांघरूण काढतात, घेतात, पुन्हा काढतात. 'काय होतंय काका?' विचारलं तर म्हणतात, 'काही नाही गं, झोप लागत नाहीये.' नाईट ड्युटीवर तुम्ही आहात. नर्सिंगची पदवी नुकतीच हातात आलीये.

तुम्ही चार्ट बघता. नाडी ११२, बीपी १०८ वर ७०, ऑक्सिजन ९५, ताप नाही. एकेक आकडा सुटा बघितला तर घाबरण्यासारखं काही दिसत नाही. निवासी डॉक्टर सकाळपासून उभे होते, आत्ता कुठे टेकलेत. उठवायचं का त्यांना?

नर्सिंगच्या जगात सध्या ज्या 'क्लिनिकल जजमेंट'ची चर्चा चालू आहे, ते हेच. समोरच्या माणसात काय बदललंय ते टिपणं, त्याचा अर्थ लावणं, काहीतरी करणं आणि केल्यावर मागे वळून बघणं. ख्रिस्टीन टॅनर या अमेरिकन नर्सिंग प्राध्यापिकेने २००६ मध्ये साधारण याच चार टप्प्यांत ते मांडलं. बाहेरच्यांना वाटतं, डॉक्टर ठरवतात आणि सिस्टर फक्त करतात. पण डॉक्टरांना बोलवायचं की नाही, हे चोवीस तासांपैकी बहुतेक वेळ सिस्टरच ठरवत असते.

आधी काकांचं बघू. चार्टवर एक रकाना उरलाय, श्वासाचा. बीपीला मशीन आहे, ऑक्सिजनसाठी बोटाला लावायची क्लिप आहे. श्वास मात्र घड्याळ धरून, छातीकडे बघत मिनिटभर मोजावा लागतो. त्यामुळे घाईच्या वॉर्डात हा रकाना बऱ्याचदा अंदाजाने भरला जातो. '१८' लिहिलं की झालं. तुम्ही मात्र मोजलात. २४ आला.

ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ मध्ये अशा आकड्यांना गुण देण्याची 'न्यूज' नावाची पद्धत आणली आणि २०१७ मध्ये ती सुधारली. त्या हिशोबाने ११२ नाडीला २ गुण, १०८ बीपीला १, ऑक्सिजन ९५ ला १. श्वास १८ लिहिला तर शून्य, बेरीज ४. श्वास २४ लिहिला तर २, बेरीज ६. आणि ५ गुण झाले की डॉक्टरांनी तातडीने येऊन बघायचं, असं ती पद्धत सांगते. काका तेच, रात्र तीच. फरक फक्त एका मिनिटाचा.

अजून चुळबुळ उरलीच. ती नुसती झोप न लागल्याची आहे की काका गोंधळायला लागलेत? नव्याने गोंधळले असतील तर त्या एकाच गोष्टीचे ३ गुण. बेरीज ९, आणि ७ पासून पुढे आणीबाणीच. ऑपरेशननंतर पोटात रक्तस्राव सुरू झाला असेल तर शरीर आधी नाडी आणि श्वास वाढवून वेळ मारून नेतं. बीपी कोसळतं ते बऱ्याचदा उशिरा. बेरीज मोबाईलही करेल. पण चुळबुळीला काय म्हणायचं हे ठरवायचं असेल तर हेच काका संध्याकाळी कसे होते हे कुणीतरी बघितलेलं असायला हवं, आणि असे दहा-वीस काका-मावश्या आधीही बघितलेले असायला हवेत.

ही नजर येते कुठून? पॅट्रिशिया बेनर या अमेरिकन नर्स-संशोधक. त्यांचं 'फ्रॉम नॉव्हिस टू एक्स्पर्ट' हे पुस्तक १९८४ चं. वैमानिक आणि बुद्धिबळपटूंच्या अभ्यासातून ड्रायफस बंधूंनी कौशल्याच्या पाच पायऱ्या मांडल्या होत्या. बेनर यांनी त्या नर्सिंगला लावून बघितल्या. तळाशी नवखी नर्स, जी नियमांच्या आधाराने चालते. वर तज्ज्ञ, जी दारातून आत येतानाच म्हणते, 'सहा नंबरचं काहीतरी बिनसलंय', आणि कारण तिला नंतर सुचतं. मधली पायरी 'सक्षम' नर्सची. आता सतरा गोष्टींपैकी आधी काय करायचं हे तिला कळतं. बेनर यांच्या मते तिथे पोहोचायला तशाच प्रकारच्या कामात दोन ते तीन वर्षं जातात.

यातलं 'तशाच प्रकारच्या' नीट वाचा. सर्जरीत तयार झालेली नजर नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात फारशी चालत नाही. तिथे गेलात की पुन्हा तळापासून सुरुवात. आणि नुसती वर्षं मोजूनही भागत नाही. वीस वर्षं '१८'च लिहिणारी माणसंही असतात की.

हे धरून आता आपल्याकडच्या बातम्या वाचून बघा. २०२३-२४ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात १५७ नवीन नर्सिंग कॉलेजांची घोषणा झाली, २०१४ नंतर उभ्या राहिलेल्या मेडिकल कॉलेजांच्या सोबतीने. त्याच वर्षी १९४७ चा जुना कायदा बदलून राष्ट्रीय नर्सिंग आणि मिडवायफरी आयोगाचा कायदा आला. त्याआधी २०२१ मध्ये बी. एस्सी. नर्सिंगचा अभ्यासक्रम सेमिस्टर पद्धतीवर गेला आणि त्यात सिम्युलेशनला, म्हणजे पुतळ्यांवर आणि रचलेल्या प्रसंगांवर सराव करायला जागा मिळाली. हे सगळं हवंच होतं. पुतळ्यावर चुकलात तर कुणाचा जीव जात नाही, आणि चुकल्याशिवाय शिकता येत नाही.

पण यातलं बहुतेक सगळं पदवी मिळेपर्यंतचं आहे. बेनरबाईंची दोन-तीन वर्षं त्यानंतर सुरू होतात, आणि त्या वर्षांचं आपण काय करतो? २०२२ च्या मे महिन्यात राज्यातल्या सरकारी रुग्णालयांतल्या परिचारिका संपावर गेल्या, आठवतंय? मुख्य विरोध होता बाह्यस्रोतातून, म्हणजे एजन्सीमार्फत कंत्राटी भरतीला. बातम्यांत तो पगाराचा आणि नोकरीच्या हमीचा वाद म्हणून आला, आणि तो तसा होताच. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. जिला पुढच्या वर्षी याच वॉर्डात असू की नाही हेच माहीत नाही, तिची नजर तयार होईपर्यंत तिला तिथून हलवलेलं असतं. तिच्या जागी येणारी पुन्हा नवखी. कागदावर पद भरलेलं दिसतं. अडीच वाजता वॉर्डात मात्र शिकवायला कुणी जुनं नसतं, कारण जुनं व्हायला कुणाला वेळच दिलेला नसतो.

दुसरी गोष्ट संख्येची. लिंडा एकेन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या रुग्णालयांचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध केला. नर्समागे एक रुग्ण वाढला की ऑपरेशन झालेल्यांचा ३० दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली दिसली. तिथे तुलना चार रुग्णांमागे एक नर्स आणि आठ रुग्णांमागे एक नर्स अशी चालली होती. आपल्याकडे शिकवणाऱ्या रुग्णालयांसाठी भारतीय नर्सिंग परिषदेचा निकष तीन रुग्णांमागे एक असा आहे. पुढच्या वेळी कुणाला बघायला मोठ्या सरकारी वॉर्डात गेलात तर खाटा मोजा, जमिनीवरच्या गाद्या मोजा, आणि मग सिस्टर मोजा. तिच्या 'आवाज कमी करा'मागचं कारणही कळेल.

गंमत बघा, ही नजर तपासायची परीक्षा दुसऱ्यांनी काढलीये. अमेरिकेत नोंदणीसाठी द्यावी लागणारी एनक्लेक्स परीक्षा एप्रिल २०२३ पासून बदलली. आता त्यात उलगडत जाणारे रुग्णांचे प्रसंग असतात. कोणती खूण महत्त्वाची, आधी काय करायचं, केल्यावर काय बदललं, असं विचारतात. आपल्याकडच्या कितीतरी मुली आणि मुलं तिची तयारी करताहेत. परदेशातल्या बऱ्याच जाहिराती दोन वर्षांचा अनुभवही मागतात. म्हणजे आपल्या वॉर्डात जी सक्षम व्हायला आली, तीच निघते. तिला नावं ठेवण्यात अर्थ नाही. घरचं कर्ज असतं, आणि तिथे तिच्या नजरेला पैसे मिळतात.

तुम्ही स्वतः नर्सिंगला असाल किंवा तुमची बहीण यंदा सीईटी देऊन कॉलेज शोधत असेल, तर इमारत आणि बस बघण्याआधी दोन गोष्टी विचारा. पोस्टिंग कुठल्या रुग्णालयात, आणि तिथे खाटांवर खरंच रुग्ण असतात का? क्लिनिकल इन्स्ट्रक्टर वॉर्डात मुलांसोबत थांबतात की हजेरी घेऊन जातात? ऑफिसमध्ये नाही, थर्ड इयरच्या मुलींना विचारा. त्या खरं सांगतात.

आणि पोस्टिंग चालू असेल तर एक करून बघा. हँडओव्हरला उभं असताना इन्चार्ज सिस्टर बोलायच्या आधी स्वतःशी ठरवा, आज या वॉर्डातला सगळ्यात काळजीचा रुग्ण कोण? वहीत बेड नंबर लिहा, कारणही लिहा. मग सिस्टर कुणाचं नाव घेतात ते बघा. सुरुवातीला त्यांचं आणि तुमचं जुळणार नाही. नाही जुळलं तर विचारा, 'सिस्टर, तुम्हाला तेच का वाटलं?' कामाच्या गडबडीत त्या वैतागल्या तर राहू द्या. ड्युटी संपल्यावर, चहाच्या वेळी पुन्हा विचारा.