सोनचाफा : रोप नव्हे, कलम हवे

ठाणे शहराच्या उत्तर अंगास खाडीकाठी असलेले बाळकुम हे एके काळी भातशेती व मासेमारी यांवर जगणारे गाव. १९८२ साली ठाणे महानगरपालिका स्थापन झाली, पुढे शहर वाढत गेले आणि खलाटीच्या जागी इमारती उभ्या राहिल्या. पुलापलीकडे कशेळी-काल्हेरच्या बाजूस गोदामांची रांग लागली. अशा भागात शेतकरी कुटुंबाकडे आज उरते ते घराभोवतीचे परसू, एखादा बांध किंवा वरकस जमिनीचा तुकडा. एवढ्या जागेत काय लावावे, असा प्रश्न कार्यकर्त्यास विचारला जातो. आमच्या मते त्याचे एक चांगले उत्तर सोनचाफा हे आहे. मात्र तो कलमी असावा.

सोनचाफा हा सदाहरित वृक्ष आहे. रानात तो शंभर फुटांपर्यंतही वाढतो. पानांच्या बगलेत एकेकटे येणारे पिवळे-केशरी फूल देवपूजेस, वेणीस व अत्तरास उपयोगी पडते. लाकूडही सुतारकामास चांगले. परंतु लहान जागेच्या मालकाला लाकडाचे काय? त्याला फूल हवे, आणि तेही लवकर हवे.

येथेच आपल्या प्रसारकार्यात उणेपणा राहतो. वृक्षारोपणाच्या दिवसांत चाफ्याची रोपे वाटली जातात, आकडा वहीत चढतो आणि काम झाले असे मानण्यात येते. बियांपासून झालेले झाड फुलावर येण्यास सात-आठ वर्षे, कधी त्याहूनही अधिक काळ घेते. शिवाय अशा झाडांत फुलांचा रंग, वास व संख्या सारखी उतरत नाही. तोवर झाड घराच्या कौलांवर जाते, फुले हाताला येत नाहीत आणि अखेर कुऱ्हाड चालते. कलम मात्र दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापासून फुले देऊ लागते. वाटलेल्या शंभर रोपांपेक्षा जगलेली दहा कलमे शेतकऱ्याच्या अधिक उपयोगी होत, हे आम्ही आग्रहाने सांगू इच्छितो.

याचा अर्थ बी निरुपयोगी आहे असा नव्हे. कलमासाठी खुंट बियांपासूनच तयार करावा लागतो. बियांवरील तांबडा गर राखेने चोळून धुवावा व बी ताजे असतानाच पेरावे; साठवून ठेवल्यास त्याची उगवणशक्ती झपाट्याने नाहीशी होते. वर्षभराच्या रोपावर निवडक झाडाच्या काडीचे मृदुकाष्ठ कलम बांधावे. भेट कलमही साधते, परंतु त्यास मातृवृक्षाजवळ कुंड्या टांगून दोन-अडीच महिने वाट पाहावी लागते. कोकणात 'वेलणकर' या नावाने ओळखली जाणारी कलमे लोकप्रिय आहेत. कलम घेताना जोड पक्का बसला आहे की नाही, हे हाताने पाहूनच पैसे द्यावेत.

जागा निवडताना खाडीकाठच्या शेतकऱ्याने विशेष सावध असावे. खाजणाची खारट जमीन आणि पाणी तुंबणारी खलाटी चाफ्यास मानवत नाही. मुळे कुजून झाड बसते. उंचवट्याची, निचऱ्याची जागा घ्यावी. दोन फूट लांब, रुंद व खोल खड्डा शेणखत-मातीने भरून पावसाच्या आरंभी लागवड करावी. दोन कलमांत दहा फूट अंतर पुरे. फुले नव्या फुटीवर येतात, म्हणून शेंडा खुडून व हलकी छाटणी करून झाड माणसाच्या हाताला येईल इतकेच ठेवावे.

वसई तालुक्यातील बागाईतदारांनी या फुलाच्या बळावर दादरच्या फूलबाजाराशी संबंध जोडला आहे. पहाटे तोडलेली फुले आगगाडीने सकाळीच बाजारात पोहोचतात. ठाण्याच्या शेतकऱ्यास तर गिऱ्हाईक दाराशीच आहे. म्हणून कोणी एकदम शेकडो कलमे लावू पाहील, तर त्यास थांबवावे. फूल सायंकाळपर्यंत काळवंडते, त्यास साठवण नाही, आणि तोडणीस रोज पहाटे माणूस लागतो. घरातील हात जेवढे पुरतील तेवढीच झाडे असावीत. दहा-बारा कलमांनी आरंभ करणे बरे.

कलमाच्या जोडाखालून येणारी खुंटाची फूट वरचेवर काढून टाकावी. ती वाढू दिली तर कलम दबून मरते आणि शेतकऱ्याच्या दारी पुन्हा ते रोपाचेच झाड उभे राहते.