पाहुणा की गिऱ्हाईक?

शब्दांची फसवणूक पैशांच्या फसवणुकीपेक्षा अधिक टिकते. आपल्याकडील बड्या हॉटेलांनी ‘गिऱ्हाईक’ हा रोखठोक शब्द टाकून ‘अतिथी’ हा शब्द जवळ केला, तेव्हापासून या व्यवहाराचा हिशेबच बिघडला. पाहुण्याने यजमानाजवळ कुरकूर करू नये, हा आपला जुना संस्कार. गिऱ्हाईक मात्र दिलेल्या दामाचा माल ठणकावून मागू शकते. तेव्हा ज्याला पुरते दाम घेऊन अर्धा माल द्यायचा आहे, त्याला पाहुणाच सोयीचा!

आमचे केनवड वाशीम जिल्ह्यातले, रिसोड तालुक्यातले. सोयाबीनवर वर्षाची मांडणी करणारा हा मुलूख. २०२५-२६ च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये ठरला. शहरातल्या तारांकित हॉटेलची खोली ९,००० रुपयांची धरली, तर साडेसात हजारांवरच्या भाड्याला लागणारा १८ टक्के कर मिळवून एका रात्रीचे १०,६२० रुपये होतात. म्हणजे जवळजवळ दोन क्विंटल सोयाबीन. आणि तेही हमीभाव खरोखर पदरात पडला तर! हे दाम देणाऱ्याला त्याचा मोबदला मागण्याचा हक्क आहे की नाही, एवढाच माझा प्रश्न आहे.

गेल्या वर्षी अशाच एका हॉटेलात आम्ही घरची सहा माणसे उतरलो. दोन वाजता मिळायची खोली पाचला मिळाली. तोवर कोचावर टेकलेल्या आमच्या लुगड्यातल्या आईला रखवालदाराने दोनदा विचारले, “कोणाकडे आलात?” शेजारच्या सुटाबुटातल्या गृहस्थांना एकदाही नाही. मराठीत विचारावे, उत्तर इंग्रजीत यावे. गरम पाणी आले ते दुसऱ्या दिवशी दुपारी. बिलात मात्र न मागता दहा टक्के ‘सेवाशुल्क’ चढले होते. जी सेवा झालीच नाही, तिचे शुल्क तेवढे अचूक वेळेवर आले.

यावर ठरलेली उत्तरे येतात. पहिले असे : परवडत नाही तर जाता कशाला? अहो, परवडले म्हणूनच पैसे मोजले ना! नोट काय धोतराच्या कनवटीतून निघाली की तिची किंमत उतरते? दुसरे : हल्ली चांगली माणसेच मिळत नाहीत. हे तर साफ खोटे. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात मुंबईच्या ताजमहाल हॉटेलातल्या कर्मचाऱ्यांनी उतारूंना वाचवताना स्वतःचे प्राण गमावले. त्याच मातीतल्या माणसांना वेळेवर खोली उघडून देता येत नाही, हे कोण मानील? दोष बिचाऱ्या वेटरचा नव्हे. माणसे कमी करून झुंबरे वाढवणाऱ्या मालकाचा तो दोष आहे. सेवाशुल्क नोकरांसाठीच असते, असेही सांगतात. मग पगार कोणासाठी असतो?

आमच्या बाजूचे लोक शेगावला जातात. गजानन महाराज संस्थानच्या भक्तनिवासात अल्प दरात स्वच्छ खोली मिळते, आणि बिनपगारी सेवेकरी नम्रपणे वागतात. तिथे कपडे पाहून शब्द बदलत नाही. कोणी म्हणेल, ती भक्ती, हा धंदा. कबूल! मग धंदा धंद्यासारखा करा. भक्ताची नम्रता आम्ही मागत नाही. व्यापाऱ्याचा प्रामाणिकपणा मागतो.

आणि तो मागण्याची सोय कायद्याने केलेली आहे. बिलात आपोआप सेवाशुल्क लावू नये, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी सांगितले. हॉटेलवाल्यांच्या संघटना कोर्टात गेल्या. २८ मार्च २०२५ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांचे म्हणणे फेटाळून सक्तीचे सेवाशुल्क ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली. त्यावर अपीलही झाले; पैशाची चिकाटी अशी असते! याहून मोलाची गोष्ट २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात आहे. हॉटेल मुंबईत असो की गोव्यात, केनवडच्या माणसाला आपल्या राहत्या जिल्ह्यात, वाशीमच्या ग्राहक आयोगापुढे, दोन वर्षांच्या आत तक्रार मांडता येते. मोजलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर फी नाही.

तरीही आपण गप्प बसतो. का? लोक गावंढळ म्हणतील, या भीतीने. हीच भीती हॉटेलांची खरी कमाई आहे. दारी आलेल्याला आधी पाण्याचा तांब्या देणाऱ्या गावाने पाहुणचार कोणाकडून शिकायला नको. मात्र गिऱ्हाइकी शिकायला हवी. बिल ओळीओळीने वाचा, नको ती रक्कम काढायला लावा, जे मिळाले नाही ते लिहून द्या आणि त्याची पोच घ्या. यात असभ्य काही नाही. असभ्यता असलीच, तर दाम घेऊन माणसाला दारातच तोलण्यात आहे.