विमा कंपनीचे नकारपत्र म्हणजे न्यायालयाचा निकाल नव्हे

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात अवघ्या काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या तळमजल्यावरची माणसे पाण्यात जागी झाली. त्याआधी २६ जुलै २००५ ला मुंबईने, ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरने आणि २२ जुलै २०२१ ला चिपळूणने हेच भोगले. पाणी ओसरले की तलाठी पंचनामा करतो, मंत्री पाहणी करतात, मदतीचे आकडे जाहीर होतात. पण ज्यांनी घराचा विमा उतरवला होता, वर्षानुवर्षे हप्ते भरले होते, त्यांचे पुढे काय झाले हे कुठल्याच वर्तमानपत्रात छापून येत नाही.

ही माणसे कोण आहेत? रेल्वेतून, वीज मंडळातून, टपाल खात्यातून निवृत्त झालेले कर्मचारी, जिल्हा परिषदेचे शिक्षक, परिचारिका. ज्यांच्या आजोबांच्या नावावर गावात हातभर जमीन नव्हती, त्यांनी वीस वर्षांचे कर्ज काढून शहरात दोन खोल्या बांधल्या. अशा माणसाचे घर बुडते तेव्हा दोन पिढ्यांची कमाई बुडते. त्याच्याकडे दुसरे घर नसते आणि गावाकडे परत जायला वाडाही नसतो.

विम्याचा घोळ सुरू होतो तो पूर येण्याच्या कितीतरी आधी, बँकेच्या टेबलावर. कर्जाच्या कागदांवर तीस-चाळीस सह्या घेताना त्यातच विम्याच्या अर्जावरची एक सही उरकून घेतली जाते. साहेब म्हणतात, "काळजी करू नका, सगळे कव्हर आहे." पुष्कळदा तो विमा घराचा नसतोच. कर्जदार मरण पावला तर बँकेचे कर्ज फिटावे म्हणून काढलेला तो आयुर्विमा असतो. त्याचा एकरकमी हप्ता कर्जातच मिळवतात आणि त्यावर वीस वर्षे व्याजही घेतात. भिंत खचली, घरात पाणी शिरले तर त्यातून एक पैसा मिळत नाही. दहा वर्षे आपण 'इन्शुरन्स' भरतो आहोत अशा समजुतीत राहिलेल्या माणसाला हे कळते ते घरातला चिखल उपसल्यानंतर. वाचकहो, तुमच्या कर्जाच्या फाईलमधील विम्याचा कागद आजच काढून पाहा आणि तो तुमच्या जिवाचा आहे की घराचा, एवढे तरी तपासा.

घराचा विमा असला तरी त्यात काय आहे आणि काय नाही, हे कोणी सांगत नाही. १ एप्रिल २०२१ पासून 'भारत गृह रक्षा' नावाची एकसारखी पॉलिसी सर्व सामान्य विमा कंपन्यांना देणे बंधनकारक झाले. हे पाऊल चांगले होते, हे मान्य केले पाहिजे. आग, पूर, वादळ, भूकंप, दरड, दंगल हे सर्व तिच्यात येते. इमारत आणि सामान या दोहोंचा विमा घेतला तर सामानाची यादी न देताही इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपयांपर्यंत सामानाला संरक्षण मिळते. परंतु जमिनीची किंमत यात धरत नाहीत, फक्त बांधकामाचा खर्च धरतात. त्यामुळे चाळीस लाखांच्या घराचा विमाही चाळीस लाखांचाच, हा समज चुकीचा आहे. नेहमीची घरफोडीही यात येत नाही. पूर-आगीसारख्या घटनेमुळे सात दिवसांच्या आत झालेली चोरी तेवढी येते. आणि बँकेने फक्त इमारतीचा विमा काढला असेल, कारण बँकेचा जीव इमारतीतच अडकलेला असतो, तर तुमचा फ्रिज, कपाट, मुलांची पुस्तके यांचे नुकसान तुमचे तुम्ही पाहायचे.

माझ्याकडे आलेले एक प्रकरण सांगतो. रेल्वेतून निवृत्त झालेले गृहस्थ, तळमजल्याचे घर, कमरेइतके पाणी. इमारत आणि सामान दोन्हींचा विमा. त्यांनी दुसऱ्याच दिवशी कंपनीला फोन केला. सर्व्हेअर दहाव्या दिवशी आला. तोपर्यंत घरच्यांनी चिखल काढून कुजलेल्या गाद्या फेकल्या होत्या. घरात म्हातारी आई होती, लहान नातू होता. दहा दिवस चिखलात कोण राहील? सर्व्हेअरने लिहिले की वस्तू पाहणीसाठी उपलब्ध नव्हत्या. मग कंपनीने पावत्या मागितल्या, नऊ वर्षांपूर्वी घेतलेल्या फ्रिजचीसुद्धा. पावत्या कपाटाच्या खालच्या खणात होत्या, त्या लगदा झाल्या. पावती पाण्यात गेली हा पुराचाच पुरावा आहे, हे साधे तर्कशास्त्र कंपनीच्या कार्यालयात चालत नाही. पाच महिने हेलपाटे मारल्यावर मागणीच्या पाचव्या हिश्श्याहून कमी रक्कम मंजूर झाली आणि पुढे 'फुल अँड फायनल' असे लिहिलेले व्हाउचर आले. सही करा, नाहीतर हेही मिळणार नाही. त्यांनी सही केली. प्रकरण ग्राहक आयोगापुढे आहे, म्हणून त्यावर अधिक लिहिणे योग्य होणार नाही.

पण कायदा काय म्हणतो ते लिहिता येते. अशी सही केल्याने ग्राहकाचा हक्क आपोआप संपत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्येच युनायटेड इंडिया विरुद्ध अजमेर सिंग कॉटन मिल्स या प्रकरणात सांगितले आहे. मात्र सही फसवून, दडपणाखाली किंवा नाइलाजाचा फायदा घेऊन घेतली हे ग्राहकाला दाखवावे लागते. त्या गिरणीला ते दाखवता आले नाही आणि ती हरली. म्हणून रक्कम घ्यायचीच असेल तर रक्कम अमान्य असल्याचे, उरलेल्या हक्कासह ती स्वीकारत असल्याचे लेखी पत्र त्याच दिवशी कंपनीला द्यावे आणि पोच घ्यावी. ते एक पत्र पुढे दहा साक्षीदारांचे काम करते.

सर्व्हेअरचा अहवाल म्हणजे ब्रह्मवाक्य नाही, हे २००९ च्या न्यू इंडिया विरुद्ध प्रदीपकुमार या निकालात आले. कळवायला उशीर झाला एवढ्याच कारणावर खरा दावा यांत्रिकपणे फेटाळू नये, हे ओमप्रकाश प्रकरणात २०१७ मध्ये आले. ते प्रकरण ट्रकच्या चोरीचे होते, पण तत्त्व इतर विम्यांतही मांडता येते. जी अपवादाची कलमे ग्राहकाला कधी दिलीच नाहीत त्यांचा आधार कंपनीला घेता येत नाही, हे मॉडर्न इन्शुलेटर्स प्रकरणात २००० साली आले. आणि नकारपत्रात जे कारण दिले नाही ते कंपनी नंतर आयोगापुढे नव्याने उभे करू शकत नाही, हे सौराष्ट्र केमिकल्समध्ये २०१९ ला स्पष्ट झाले. म्हणूनच तोंडी नकार कधीही स्वीकारू नये. "होत नाही" असे काउंटरवर सांगितले तर "लिहून द्या" असे म्हणावे. लिहून दिले की कंपनी त्या कारणाला बांधली जाते.

विमा नियामक प्राधिकरणानेही २०२४ मध्ये मुदती कडक केल्या. सर्व्हेअर २४ तासांत नेमायचा, त्याचा अहवाल १५ दिवसांत यायचा, त्यानंतर ७ दिवसांत कंपनीने निर्णय द्यायचा, आणि केवळ कागदपत्रे नाहीत म्हणून दावा फेटाळायचा नाही. कागदावर हे सारे उत्तम आहे. पण पाळले नाही तर बोंब कोणी मारायची? ज्याचे घर बुडाले आहे त्यानेच. कंपनीकडे वकिलांचे पॅनल आहे, सर्व्हेअर आहे, आणि मुख्य म्हणजे वेळ आहे. विमेदाराकडे वेळच नसतो. त्याला भिंतीचे पोपडे काढायचे असतात, मुलांच्या शाळेची फी भरायची असते. कमी रकमेच्या व्हाउचरवर सही मिळते ती या फरकामुळे, आणि कंपनीला हे चांगले ठाऊक असते.

येथे बाबासाहेबांची आठवण होणे अपरिहार्य आहे. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात त्यांनी विमा ही राज्याची मक्तेदारी असावी आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाला त्याच्या वेतनाच्या प्रमाणात आयुर्विमा सक्तीचा असावा, अशी मागणी केली होती. १९५६ मध्ये आयुर्विम्याचे आणि १९७२ च्या कायद्याने सामान्य विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले. १९९९ च्या कायद्याने खाजगी कंपन्यांना पुन्हा दार उघडले, आणि २०२१ मध्ये सरकारी सामान्य विमा कंपन्यांत केंद्राचा किमान ५१ टक्के हिस्सा असलाच पाहिजे ही अटही काढून टाकली. सरकारी कंपन्या विमेदाराला छळत नाहीत असे मी म्हणणार नाही. वर दिलेल्या निकालांतील काही कंपन्या सरकारीच आहेत. परंतु बाबासाहेबांच्या योजनेत विमा हा नागरिकाच्या सुरक्षिततेचा भाग होता. आज तो बँकेच्या विक्रीच्या उद्दिष्टाचा भाग झाला आहे.

भाषेचा प्रश्न तर कोणी उचलतच नाही. विम्याची कागदपत्रे राज्यघटनेने मान्य केलेल्या भाषांत उपलब्ध करून देता येतील, असे विमेदार संरक्षणाच्या २००२ च्या विनियमांत म्हटले होते. 'देता येतील', 'दिलीच पाहिजेत' नव्हे. या एका क्रियापदाच्या आडोशाने मराठी माणसाला बारीक इंग्रजीतली पॉलिसी मिळत राहिली. जाहिरात मात्र शुद्ध मराठीत! हप्ता मागताना मराठी येते, तर अपवादाची कलमे सांगताना का येऊ नये? आपल्या कर्मचारी संघटनांनी आणि पतसंस्थांनी हा विषय आमदार-खासदारांकडे आणि थेट प्राधिकरणाकडे लावून धरला पाहिजे.

दाद कुठे मागायची? आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार. महिन्याभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही तर विमा लोकपाल. महाराष्ट्रात मुंबई, ठाणे आणि पुण्याला त्यांची कार्यालये आहेत, तक्रार ऑनलाइनही करता येते. फी नाही, पन्नास लाखांपर्यंत भरपाई देण्याचा अधिकार आहे आणि निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. तेथे वकील चालत नाही, म्हणजे तो खर्चही नाही. वकील असूनही हे आनंदाने सांगतो. दुसरा मार्ग जिल्हा ग्राहक आयोगाचा. २०१९ च्या कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. आयोगाची पायरी ठरवताना भरलेला हप्ता मोजला जातो, विम्याची रक्कम नाही, त्यामुळे घराच्या विम्याचे जवळपास प्रत्येक प्रकरण जिल्ह्यातच आणि विनाशुल्क दाखल होते. कायद्यात निकालासाठी तीन महिने सांगितले आहेत. प्रत्यक्षात वर्षे जातात, सदस्यांच्या जागा रिकाम्या राहतात; या रिक्त जागांची दखल २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला स्वतःहून घ्यावी लागली. म्हणून एखाद्या घराचा साधा दावा असेल तर मी आधी लोकपालाकडे जा असेच सांगतो.

पाणी ओसरल्याबरोबर, काहीही फेकण्याआधी, प्रत्येक खोलीचे आणि भिंतीवरच्या पाण्याच्या रेषेचे मोबाईलवर फोटो काढावेत. तलाठ्याच्या पंचनाम्याची प्रत मिळवावी. सर्व्हेअरच्या अहवालाची प्रत लेखी मागावी. आणि नकारपत्र ज्या लिफाफ्यात आले तो फाडून टाकू नये. मिळाल्याची तारीख त्यावर लिहून तो जपून ठेवावा. लोकपालाकडे जाण्याचे एक वर्ष आणि आयोगाकडे जाण्याची दोन वर्षे मोजताना पहिला प्रश्न त्या तारखेचाच येतो.