तिकीट कोणाच्या हातात?

निवडणूक जवळ आली की आपल्याकडे पहिली चर्चा असते ती तिकिटाची. कोण मुंबईला गेला, कोण दिल्लीत तळ ठोकून बसला, कोणाचे नाव यादीत आले, कोणाचे ऐनवेळी कापले गेले. मतदार बिचारा ही धावपळ लांबून पाहतो. उमेदवार वरून ठरून आला की त्याचे काम सुरू होते.

अमेरिकेत ही पायरी वेगळी आहे. तिथे पक्षाचा उमेदवार कोण, हे त्या पक्षाचे मतदारच मत देऊन ठरवतात. या पहिल्या फेरीला 'प्रायमरी' म्हणतात. आपल्या राज्यसभेसारखे तिथले वरचे सभागृह म्हणजे सिनेट. पण तिचे सभासद थेट जनता निवडते. ५० राज्ये, प्रत्येकाचे दोन, असे १०० सिनेटर. मुदत सहा वर्षांची. विद्यमान सिनेटरला बहुधा स्वपक्षातून कोणी आव्हान देत नाही, दिले तरी ते क्वचितच टिकते. पण कधीकधी घरातूनच सवाल उभा राहतो.

कनेक्टिकट राज्याचे जो लीबरमन यांच्या बाबतीत २००६ साली हेच घडले. डेमोक्रॅटिक पक्षाचे हे मातब्बर नेते १९८९ पासून सिनेटमध्ये होते. २००० साली पक्षाने त्यांना उपराष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी दिली होती. राज्य त्यांच्या पक्षाकडे झुकणारे, त्यामुळे विरोधी रिपब्लिकन पक्षाची त्यांना फारशी धास्ती नव्हती. अशा माणसाला धक्का कोण लावणार?

धक्का लावला इराकच्या युद्धाने. ऑक्टोबर २००२ मध्ये सिनेटने ७७ विरुद्ध २३ मतांनी युद्धाला परवानगी दिली. त्या ७७ मध्ये लीबरमन होतेच, शिवाय ते त्या ठरावाचे खंदे पुरस्कर्ते होते. ज्या महासंहारक शस्त्रांचा बोभाटा करून युद्ध पुकारले, ती सापडली नाहीत. तिकडे इराकी कुटुंबे उद्ध्वस्त होत होती, इकडे अमेरिकी सैनिकांच्या शवपेट्या घरी येत होत्या. होकार देणारे अनेकजण पस्तावले. लीबरमन मात्र राष्ट्राध्यक्ष बुश यांच्या धोरणाच्या पाठीशी ठामपणे उभे राहिले. स्वपक्षाच्या सामान्य कार्यकर्त्यांना हेच खुपले.

पण संतापाला उमेदवार लागतो. तो मिळाला नेड लॅमॉन्ट यांच्या रूपाने. केबल टीव्हीच्या धंद्यातले श्रीमंत गृहस्थ, राज्यभर फारशी ओळख नाही. आधी कोणी त्यांना मनावर घेतले नाही. मे महिन्यात पक्षाच्या राज्य अधिवेशनात त्यांना सुमारे एकतृतीयांश प्रतिनिधींची मते मिळाली, तेव्हा वारे फिरल्याचे कळले. जुलैच्या सुरुवातीलाच लीबरमन यांनी सांगून टाकले, की प्रायमरीत हरलो तरी अपक्ष म्हणून मैदानात राहीन.

८ ऑगस्टला निकाल लागला. लॅमॉन्ट यांना सुमारे ५२ टक्के, लीबरमन यांना ४८ टक्के. फरक जेमतेम दहा हजार मतांचा. अठरा वर्षांची खुर्ची पक्षाच्या मतदारांनी एका दिवसात हलवली.

गोष्ट इथे संपली असती तर धडा सोपा होता. पण कनेक्टिकटच्या प्रायमरीत पक्षाकडे नोंद असलेल्यांनाच मत देता येते, आणि कोणत्याच पक्षात नोंद नसलेल्यांची संख्या तिथे सर्वांत मोठी आहे. ऑगस्टमध्ये मतदान केले सुमारे २ लाख ८३ हजार लोकांनी. नोव्हेंबरच्या खऱ्या निवडणुकीत ११ लाखांहून अधिक लोकांनी. अपक्ष लीबरमन यांना जवळपास ५० टक्के मते पडली, लॅमॉन्ट यांना ४० टक्के. रिपब्लिकन पक्षाचे बरेच मतदार आपला उमेदवार सोडून लीबरमन यांच्यामागे गेले. पक्षाने नाकारलेला माणूस राज्याने निवडून दिला.

चार वर्षांनी अलास्कात असेच झाले. रिपब्लिकन सिनेटर लिसा मर्कोव्स्की प्रायमरीत सुमारे दोन हजार मतांनी हरल्या. मतपत्रिकेवर त्यांचे नावही छापले गेले नाही. तरी मतदारांनी ते हाताने लिहून त्यांना निवडून दिले.

मग प्रायमरीचा उपयोग काय? काहीजण म्हणतील, मूठभर तापलेल्या लोकांचा तो खेळ आहे. यात तथ्य आहे. थोडे लोक मतदानाला गेले की जे जातात त्यांचेच चालते, आणि त्या भीतीने चांगला नेताही कधी आपल्या टोकाच्या समर्थकांपुढे मान तुकवतो. तरीही कनेक्टिकटमध्ये एक गोष्ट नक्की घडली. युद्धाला होकार देणाऱ्या माणसाला गावोगाव उभे राहून त्या होकाराचा जाब द्यावा लागला. लॅमॉन्ट उभे राहिले नसते, तर पक्षाच्या बालेकिल्ल्यात हा प्रश्न त्यांना इतक्या जोराने विचारला कोणी असता?

आपल्याकडे प्रायमरी नाही. शिवाय व्हिप मोडला तर आमदार-खासदाराचे पदच धोक्यात येते, म्हणून त्याची नजर मतदारापेक्षा पक्षश्रेष्ठींकडे अधिक. कायदा आपल्या हातात नाही, पण तोंड आपले आहे. यादी जाहीर झाल्यावर कपाळाला हात लावण्यापेक्षा, तिकीट ठरण्याआधीच विचारावे: गेल्या पाच वर्षांत सभागृहात कशाला होकार दिलात, कशाला नकार, आणि कुठे गप्प बसलात? खुर्ची ही अमानत आहे. ज्याची अमानत त्याने हिशेब मागितलाच नाही, तर सांभाळणारा तिला आपली मालमत्ता समजू लागतो.