नळ कोणाच्या उंचीचा?



'मोठेपणी मी कोण होणार?' हा विषय आपण सगळेच वर्गात घेतो. यंदा तिसरीच्या वर्गात घेतला तेव्हा नेहमीचीच उत्तरं आली. पोलीस, डॉक्टर, मॅडम, आर्मी आणि दोन यूट्यूबर. एक मुलगा मात्र म्हणाला, "बाई, घर कसं बांधायचं ते सांगणारा असतो ना, तो." वर्ग हसला, कारण त्याचे वडील गवंडी आहेत हे सगळ्यांना माहीत. मी म्हटलं, "त्याला आर्किटेक्ट म्हणतात, मराठीत वास्तुविशारद." त्याने तो शब्द दोनदा म्हणून बघितला आणि खाली बसला.

पालकसभेत मी त्याच्या वडिलांना कौतुकाने ही गोष्ट सांगितली. त्यांना ती फारशी आवडली नाही. म्हणाले, "बाई, वीस वर्षं विटा-सिमेंटात काढली. पोराचा हात त्याला लागू नये म्हणून तर शाळेत घातलाय. त्याला पंख्याखाली बसायची नोकरी लागू दे." त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. उन्हात काम करणाऱ्या बापाला असंच वाटणार. पण त्या वाक्यामागे आपण सगळ्यांनी मिळून पक्का केलेला एक समज आहे. हाताचं काम खालचं, डोक्याचं काम वरचं. आणि शाळा म्हणजे खालून वर जाण्याची शिडी. त्या दिवशी मला नीट उत्तर देता आलं नाही. ते आज देते.

आफ्रिकेत बुर्किना फासो नावाचा देश आहे. तिथल्या गांदो या खेड्यात १९६५ साली फ्रान्सिस केरे यांचा जन्म झाला. गावात शाळाच नव्हती. म्हणून सातव्या वर्षी घर सोडून त्यांना शिकायला दुसऱ्या गावी जावं लागलं. तिथला वर्ग सिमेंटचा, अंधारा, हवा न खेळणारा आणि त्यात शंभराहून जास्त मुलं. प्रचंड उकाडा. हे वाचताना मला आपले पत्र्याचे वर्ग आठवले. मार्चपासून आपण शाळा सकाळची करतो, ती का, हे तुम्हाला सांगायला नको.

१९८५ मध्ये केरे सुतारकामाची शिष्यवृत्ती मिळवून जर्मनीला गेले. पुन्हा वाचा, सुतारकामाची. दिवसा छपरं आणि फर्निचर बनवायला शिकायचं आणि रात्रशाळेत जाऊन राहिलेलं शालेय शिक्षण पुरं करायचं. १९९५ मध्ये बर्लिनच्या तंत्रविद्यापीठात शिकायला शिष्यवृत्ती मिळाली. वास्तुकलेची पदवी हातात आली ती २००४ मध्ये, जवळपास चाळिशीत. आपल्या हिशोबाने हा मुलगा 'मागे पडलेला'. पण पदवी मिळायच्या तीन वर्षं आधी, २००१ मध्येच, त्यांनी एक इमारत पूर्ण केली होती. ती होती त्यांच्या गांदो गावची प्राथमिक शाळा. विद्यार्थी असतानाच संस्था काढून, निधी गोळा करून त्यांनी ती उभी केली.

या शाळेची रचना आपण शिक्षकांनी समजून घ्यावी अशी आहे. भिंती मातीच्या विटांच्या, मातीत थोडं सिमेंट मिसळून दाबून केलेल्या. अशी जाड भिंत बाहेरचा उकाडा लगेच आत येऊ देत नाही. वर्गावर विटांचंच छत. आणि त्या छताच्या वर मोकळी जागा सोडून, लोखंडी सळ्यांच्या कैच्यांवर उचलून धरलेला पत्रा. म्हणजे ऊन पत्र्यावर पडतं, पत्रा तापतो, पण त्याखालून वारा वाहत राहतो आणि गरम हवा निघून जाते. वर्गातली तापलेली हवाही वर चढून छताच्या फटींतून बाहेर पडते. पत्रा भिंतींच्या बराच पुढे आलेला आहे, त्यामुळे भिंतींवर ऊन येत नाही आणि पावसाने माती झिजत नाही. ना पंखा, ना एसी. पत्रा तोच, आपल्या वर्गावर असतो तसला. फक्त तो डोक्यावर टेकवला नाही, वर उचलला.

गावकऱ्यांना सुरुवातीला हे पटलं नव्हतं. परदेशात शिकलेला मुलगा काचेची-सिमेंटची इमारत बांधेल असं वाटलं होतं, आणि हा तर मातीच घेऊन बसला! माती म्हणजे गरिबाचं घर, पावसात वाहून जाणारं. केरे यांनी करून दाखवत लोकांना पटवलं. मग मुलांनी पायासाठी दगड आणून दिले, बायकांनी विटांसाठी पाणी वाहिलं, गावातली तरुण मंडळी करवतीने सळ्या कापायला आणि वेल्डिंग करायला शिकली. शाळेबरोबर गावाच्या हाती कसबही आलं. १२० मुलांसाठी सुरू झालेली ती शाळा पुढे वाढत सुमारे ७०० मुलांपर्यंत गेली. २००४ मध्ये तिला आगा खान पुरस्कार मिळाला. २०२२ मध्ये केरे यांना प्रित्झकर पारितोषिक मिळालं, वास्तुकलेतला जगातला सर्वांत मोठा मान. तो मिळवणारे ते पहिले आफ्रिकी.

हे फार लांबचं उदाहरण झालं असं कोणी म्हणेल. मग पुण्याचं घ्या. हाच मान मिळवणारे पहिले भारतीय बाळकृष्ण दोशी १९२७ मध्ये पुण्यात जन्मले. घरचा धंदा फर्निचरचा. म्हणजे इथेही सुरुवात लाकडापासूनच. मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकले, पुढे पॅरिसला ल कार्बुझिए यांच्या हाताखाली काम केलं आणि परत येऊन अहमदाबादला स्थायिक झाले. तिथे १९६२ मध्ये वास्तुकलेची शाळा सुरू केली. मोठमोठ्या संस्थांच्या इमारती त्यांनी केल्या. पण मला त्यांचं इंदूरचं 'अरण्य' जास्त जवळचं वाटतं. कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी वसवलेली ही वस्ती, ८० हजारांहून जास्त माणसांची. तिथे सर्वांत गरीब कुटुंबाला तयार बंद खोका दिला नाही. जोतं आणि संडास-मोरीची सोय करून दिली आणि पुढचं घर कुटुंबाने हातात पैसा येईल तसं वाढवायचं. आपल्याकडे माणसं घर असंच बांधतात, आधी एक खोली, मग पोराच्या लग्नाला दुसरी. दोशींनी ते बघितलं आणि त्याला धरून आराखडा केला. या कामाला १९९५ मध्ये आगा खान पुरस्कार मिळाला आणि त्यांना स्वतःला २०१८ मध्ये प्रित्झकर.

दोघांचे रस्ते वेगळे. पण एक गोष्ट सारखी आहे. आराखडा काढण्याआधी दोघांनी विचारलं, इथे राहणार कोण, बसणार कोण? केरे यांना तर विचारायचीही गरज नव्हती. ते स्वतःच त्या वर्गात घामाघूम होऊन बसले होते.

आता माझं मत. आपलं करिअर मार्गदर्शन म्हणजे परीक्षांची यादी झाली आहे. आर्किटेक्ट व्हायचं? मग बी.आर्क. पाच वर्षं, प्रवेशासाठी नाटा परीक्षा, गणित पक्कं हवं. दहावीनंतर पदविका करूनही तिकडे जाता येतं. ही माहिती हवीच, पालकांनी जरूर घ्यावी. पण ती नववी-दहावीला. त्याआधी प्राथमिक शाळेत जे रुजायला हवं ते या यादीत नाही. आपल्याला काय टोचतंय ते ओळखणं, ते दुसऱ्याला किती टोचत असेल याचा अंदाज घेणं आणि मोजून बघून उपाय सुचवणं. हे रुजलं तर मुलगा आर्किटेक्ट होवो नाहीतर गवंडी, काम लोकांच्या उपयोगाचं करेल. हे नसेल तर कितीही मोठी पदवी घेतली तरी तो आपल्या शाळेसारखेच नळ बसवेल.

नळांचं सांगते. मापन शिकवताना मी तिसरीच्या मुलांना मीटरपट्टी दिली आणि सांगितलं, शाळेत जिथे लहान मुलांना अडचण होते तिथे मोजा. हात धुवायचा नळ जमिनीपासून ९५ सेंटिमीटरवर निघाला. मग पहिलीतल्या मुलांची खांद्याची उंची मोजली. बहुतेकांची त्याहून कमी. म्हणूनच पोषण आहाराच्या आधी त्यांच्या बाह्या कोपरापर्यंत भिजतात! मी रोज ओरडत होते, "नीट हात धुता येत नाहीत का?" चूक मुलांची नव्हतीच. मुलींनी शौचालयाची कडी मोजली, ती छोट्या मुलींच्या हाताला येत नाही, म्हणून एकीने बाहेर दार धरून उभं राहायचं. एका गटाने रॅम्प मोजला. तो इतका उभा आहे की चाकाची खुर्ची एकट्याने चढवता येणार नाही. कागदावर मात्र 'रॅम्प आहे' अशी नोंद.

काही शिक्षक म्हणतील, इमारत कुठे आपल्या हातात असते? खरं आहे. पण शिक्षण हक्क कायद्याने शाळा विकास आराखडा करण्याचं काम शाळा व्यवस्थापन समितीकडे दिलंय आणि त्या समितीत ७५ टक्के सदस्य पालक असतात. आपण त्यांच्या सह्या घेतो. मत किती वेळा घेतो? ज्याने वीस वर्षं भिंती बांधल्या त्या पालकाला नवीन खोलीबद्दल एक शब्द विचारला जात नाही. आपणच त्याला दाखवून देतो की तुझ्या हातातल्या विद्येला शाळेत किंमत नाही. मग त्याने पोराला विटांपासून लांब ठेवायचं ठरवलं तर नवल काय?

मी त्या गवंडी दादांना मुलांचा मोजमापाचा कागद दाखवला. त्यांनी तो बराच वेळ बघितला. म्हणाले, "नळ खाली घ्यायची गरज नाही बाई. खाली एक पायरी पुरे. सात इंचाची. पण पाणी निघून जायला उतार ठेवावा लागेल, नाहीतर पोरं घसरतील." उताराचं मला सुचलं नव्हतं, मुलांनाही नाही. पुढच्या रविवारी ते आले, मुलगा बरोबर होता. पायरी झाली. कडी आम्ही खाली बसवून घेतली. रॅम्प अजून तसाच आहे, पण आता तो समितीच्या आराखड्यात लिहिलेला आहे.

पोराला काय करायचं याबद्दल त्यांचं मत बदललं का, मी विचारलं नाही. सोमवारी मात्र तो मुलगा पहिलीच्या रांगेजवळ उभा राहून कोणाच्या बाह्या भिजतात ते बघत होता.

तुमच्या शाळेतला नळ एकदा मोजून बघा. मुलांकडूनच मोजून घ्या.