सौरकुंपण माकडाला अडवत नाही



सरकार भरपाई देते, सौरकुंपणाला अनुदान देते, तरी कोकणातल्या बागायतदारांची रड संपत नाही, अशा आशयाचे पत्र मागच्या अंकात वाचले. पत्रलेखकांनी एक सकाळ आमच्या बागेत काढावी. कुंपणाची तार डुकराला अडवते. माकडे शेजारच्या फणसावरून थेट माडावर येतात. कोवळी शहाळी पोखरून खाली टाकतात. एक खातात, दहा नासवतात. जाताना पडवीची कौले सरकवतात आणि पहिल्याच पावसात घर गळते.

भरपाईसाठी तीन दिवसांत वनखात्याला कळवायचे, मग पंचनामा. गव्याने केळी तुडवली तर ती डोळ्यांना दिसतात. माकडांमुळे होणारे नुकसान रोज थोडे थोडे असते, माड उभाच असतो. पंचनामा कशाचा करायचा?

पकडून जंगलात सोडा, हे तर एका गावाचे संकट दुसऱ्या गावाच्या गळ्यात बांधणे झाले. हिमाचल प्रदेशाने २००६-०७ पासून लाखाहून अधिक माकडांची नसबंदी केली. त्याने पुढची पिल्ले कमी होतात, आजची टोळी तशीच राहते, हेही खरे. म्हणून नसबंदीला राखणीची जोड हवी. मालक मुंबईला असलेल्या बंद बागांतच टोळ्या मुक्काम ठोकतात; तिथे शेजाऱ्याने एकट्याने किती हाकारे घालायचे? जिल्हा परिषदेने वाडीवार राखणदारांची मजुरी द्यावी आणि वनखात्याने फळांच्या नुकसानीचा हंगामातून एकदा एकत्रित पंचनामा मान्य करावा.

— एक बागायतदार, रत्नागिरी जिल्हा